सहावा पंखा

"आबा, बॅग भरून ठेवा. येत्या रविवारी गाडी घेऊन येते," वन्सं ओरडून म्हणाल्या.

ओरडूनच बोलावं लागायचं त्या दिवसांत आमच्या घरात. माळ्यावरचं मशीन असं काही घोंघावत होतं, की जेवायला बसलेल्या माणसाला वाटावं आपण पिठाच्या गिरणीत पान मांडून बसलोय. मामंजी भाकरी मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ऐकलंत का, आबा?"

"ऐकलं."

"संजीवनी, आबांचे गरम कपडे काढून ठेव. गोळ्या वेगळ्या बांध. या कलकलाटात म्हातारं माणूस झोपणार कसं, एवढा तरी विचार करायचा होतास."

मी "होय वन्सं" म्हटलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. दुसरं काय म्हणणार? शालन वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. राहायच्या पुण्याला, आणि कऱ्हाडला आल्या की उंबऱ्यातूनच घराचा ताबा घ्यायच्या. चपला काढायच्या आधीच त्यांचं ठरलेलं असायचं, कुणी काय खायचं, कुठली खिडकी उघडायची, कुणाला डॉक्टरकडं न्यायचं. बाई मनानं वाईट नाही. पण त्यांच्यापुढं आपलं तोंड उघडत नाही, आणि उघडलंच तर त्यांचं वाक्य संपलेलं नसतं.

त्या दुपारी त्या निघून गेल्या आणि भांडी घासता घासता माझ्या ध्यानात आलं, की रविवारनंतर या घरात मी एकटी. हातातलं पातेलं तसंच राहिलं.

तुम्ही म्हणाल, सासरा घरात असल्यानं असा काय मोठा आधार होता? खरं सांगायचं तर मामंजी माझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. मी त्यांच्याशी बोलायची नाही. भांडण नव्हतं हो, अजिबात नव्हतं. आमच्यात सुनेनं सासऱ्याशी समोरून बोलायचं नाही, अशी पद्धतच होती. मामंजींना काही हवं असलं की ते आत्याबाईंना सांगायचे, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आणि आत्याबाई मला. मला काही विचारायचं असलं की मी आमच्या यांना सांगायची, आणि हे आपल्या वडिलांना. निरोपाला माणसं होती तोवर काही अडलं नाही. आधी आत्याबाई गेल्या. मग त्याआधीच्या फाल्गुनात एका लग्नाची ऑर्डर आटोपून येताना यांची गाडी उलटली. मूलबाळ आम्हाला नव्हतंच. उरलो मी आणि मामंजी, आणि मधे कुणी नाही.

मग आम्ही भिंतीशी बोलायला लागलो. खोटं नाही सांगत. मी चुलीकडं तोंड करून म्हणायची, "चहा झालाय." ते सोप्यात बसून दाराकडं बघत म्हणायचे, "जरा बाजारात जाऊन यावं म्हणतोय." मी भिंतीला सांगायची, "येताना कोथिंबीर मिळाली तर बरं." कोथिंबीर यायची. पिशवी ओट्याच्या कडेला ठेवलेली असायची, मी बाहेर गेले असताना.

हसायला येतं आता. तेव्हा नव्हतं येत. पण घरात माणूस होतं. पहाटे खाकरायचं, काठी टेकत नळापर्यंत जायचं, आंघोळीला बसलं की मोठ्यानं अभंगाची एकच ओळ म्हणायचं आणि पुढची विसरायचं. त्या आवाजावर मी उठायची. माझ्या एकटीसाठी मी चूल पेटवली असती का, हे देवालाच ठाऊक.

आणि हे मशीन. यांचा लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा. पंचक्रोशीतली लग्नं, मुंजी, बारशी, सगळं त्या मशीनच्या पोटात. एका मोठ्या कंपनीनं मोडीत काढलेला सर्व्हर होता तो, पुण्याच्या जहीरभाईंकडून यांनी आणलेला. लांबलचक पत्र्याची पेटी, पुढं डिस्क सारायला खण, आत ओळीनं सहा पंखे. खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसून मी एडिटिंग करायची, काम मला यांनीच शिकवलेलं. हे गेल्यावर मी ते चालू ठेवलं. बंद करून काय करणार होते? मशीन बंद करायचं मात्र धाडस नव्हतं. "डिस्क जुन्या आहेत, एकदा थंड झाल्या तर परत उठतील याचा भरवसा नाही," असं यांनी मला कितीदा तरी बजावलं होतं.

यांच्या वेळी मशीन गुणगुणायचं. दिवाळीच्या आसपास एका सकाळी मी भाजी घेऊन घरी आले, तर ते किंचाळत होतं. सेटिंगमध्ये जाऊन पंख्यांचा वेग कमी केला. काही फरक नाही. परत केला. छे! दोन महिने तसेच काढले आम्ही, कानांत कापसाचे बोळे घालून. वन्सं आल्या आणि त्यांना आयतं कारण मिळालं.

रविवारच्या आत या मशीनचं तोंड बंद करायचं, असं मी ठरवलं. आवाज थांबला तर वन्संना न्यायला कारण उरणार नाही, इतका साधा हिशोब. दुसऱ्या दिवशी सकाळी जहीरभाईंना फोन लावला.

"वहिनी, तुम्ही स्पीड कमी कर म्हणून सांगताय कुणाला?" त्यांनी विचारलं.

"मदरबोर्डला. दहादा सांगून झालं."

"त्याला सांगून काय उपयोग? पंखे त्याला जोडलेलेच नाहीत. तुम्ही पुढून डिस्क सारता ना, त्या आत जाऊन एका उभ्या पाटीत बसतात. बॅकप्लेन म्हणतात तिला. पंखे सगळे तिच्या ताब्यात. पंख्याला काय सांगायचं ते तिला सांगायचं, मग ती पंख्याला सांगणार. थेट काही नाही."

"म्हणजे आमच्या घरासारखंच की."

"काय म्हणालात?"

"काही नाही. पुढं सांगा."

त्यांनी सांगितलं ते मी कागदावर उतरवून घेतलं. डिस्कचा डेटा ज्या वायरीतून जातो, त्याच वायरीतून त्या पाटीला हुकूम पाठवता येतो. पंखा नंबर अमुक, वेग अमुक. वेग एक ते सात. सात म्हणजे जीव खाऊन पळणारा, एक म्हणजे झोपलेला.

"पण वहिनी, मला वाटतं तुमचा एखादा पंखा मेलाय. एक जरी पंखा जाग्यावर दिसला नाही, तर ती पाटी घाबरते. डिस्क तापतील म्हणून बाकीच्यांना सातवर पळवते. तुम्ही कमी करा, घटकाभर ऐकेल आणि परत वर. आधी मेलेला शोधा. झाकण काढून वर कुणाला तरी उभं करा. तुम्ही खालून एकेकाचा वेग उतरवा, आणि कुठला उतरला ते त्यांनी बघून सांगायचं. आहे कोण घरात?"

"आहेत," मी म्हणाले. "सासरे आहेत."

फोन ठेवला. शेजारची कमल माहेरी गेलेली. दुसरं कुणी बोलवावं, तर माळ्याच्या शिडीवर चढायला कोण तयार होणार? शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, पदर नीट केला आणि चौकटीला सांगितलं, "माळ्यावर कुणीतरी उभं राहिलं असतं तर मशीनचं काम झालं असतं."

मामंजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा पुसला आणि शिडीकडं गेले. चौऱ्याहत्तरीचा माणूस, पण चढले सरसर. वर गेल्यावर झाकणाची कडी कुठं ते मी सांगायच्या आत झाकण उघडल्याचा खट्ट आवाज आला. मला जरा नवल वाटलं. पण तेवढ्यावरच सोडलं.

आता खरी पंचाईत झाली. त्या गोंगाटात भिंतीशी बोलून भागणार नव्हतं. खालून वर हाक मारायला हवी होती. आणि मारायची काय म्हणून? सतरा वर्षांत त्या माणसाला मी तोंडावर हाक मारली नव्हती. कॉम्प्युटरवर पहिल्या पंख्याला तीनचा आकडा दिला, बटण दाबलं, डोळे मिटले आणि ओरडले, "मामंजी! कुठला उतरला?"

वरून असा आवाज आला, की मी दचकलेच. मामंजी पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, उभा जन्म कालव्याच्या दारांवर गेलेला. या काठावरून त्या काठावर हाक द्यायची सवय. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"पयला! भिंतीकडला! उतरला... उतरला... आरं, परत चढला!"

"चढू दे! आता दुसरा! बघा!"

"दुसरा! व्हय, उतरला!"

"तिसरा!"

"हाय! ह्योबी उतरला. चढला बघ परत!"

आमचं असं सुरू झालं आणि काय सांगू, मला हसू फुटायला लागलं. दोन माणसं एका घरात वर्षभर मुकी राहिलेली, आणि आता गल्लीला ऐकू जाईल असा आरडाओरडा. चौथ्याला त्यांना नीट दिसलं नाही, तर म्हणाले, "थांब, थांब, चष्मा घसरला, परत कर." मी परत केला. पाचवा पण हलला. मेलेला राहिला तो सहावाच.

"सहावा, मामंजी! हलला का?"

वरची फळी नुसती करकरली.

"मामंजी, सहावा?"

"सहावा न्हाई."

"नाही म्हणजे? बंद आहे?"

"न्हाईच. जागा मोकळी हाय."

"मोकळी कशी असेल? पंखा गेला कुठं?"

"काढलाय."

"कुणी काढला?"

मशीन ओरडतच होतं. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. शिडीपाशी जाऊन परत विचारणार, तेवढ्यात वरून आवाज आला. कालव्यावरचा नव्हता तो. अगदी बारीक होता.

"म्याच."

ते खाली आले. माझ्याकडं न बघता आपल्या खोलीत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा हातात पंचात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते टेबलाच्या कडेला ठेवलं आणि दोन पावलं मागं सरले. पंचा मी उलगडला. आत पंखा होता, कडेच्या प्लास्टिकसकट, धूळ पुसून ठेवलेला.

मग दाराकडं बघत ते बोलायला लागले, नेहमीसारखे, हवेला सांगितल्यासारखे.

"दिवाळीच्या आधी पोरीचं डोकं लई दुखायचं. बाम चोळून बसायची मशीनपुढं. म्हटलं, आवाजानंच दुखत असंल. सा पंखं हाईत, एक काढला तर तेवढा तरी आवाज कमी हुईल. ती बाजाराला गेली तवा काढला. वढला की आला, खणासारखा. तर बाकीचं पिसाळलं! म्हटलं, मोडलं. पोराचं, विश्वासचं मशीन, माझ्या हातनं मोडलं. परत बसवायला हात धजंना."

माझं डोकं मशीनच्या आवाजानं दुखत नव्हतं. रडून दुखायचं. दुपारी काम लावून द्यायचं आणि पडद्याकडं बघत रडायचं, असा माझा नेम झाला होता तेव्हा. कुणाला दिसत नाही असं धरून चालले होते मी. कुणाला म्हणजे कुणाला? घरात होतंच कोण?

"मग सांगायचं नाही का?" मी म्हणाले. आवाज चढला माझा, आवरला नाही. "दोन महिने हे किंचाळतंय, मी खालून सेटिंग बदलतेय वेड्यासारखी. नुसतं सांगायचं तरी!"

"कुणाला सांगू?" मामंजी म्हणाले.

मी पंखा उचलून त्यांच्या हातात दिला. हातात हात लागला नाही, पण हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. ते परत वर चढले. मी खालून ओरडून सांगितलं, वायरीचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं ते. आत सारला, खट्ट झालं, आणि एवढा वेळ ऊर फुटेस्तोवर पळणारे पाचही पंखे हळूहळू खाली आले. घर जिथल्या तिथं होतं, पण मोठं झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यावर मी थांबले नाही. मला वन्संच्या तोंडातून एक शब्द निघायला जागा ठेवायची नव्हती. पंखे आता सांगितलेलं ऐकत होते. एकेकाला पाचवर आणलं, मग चारवर. मामंजी डिस्कच्या खणांवर तळवा टेकवून बसले.

"कसं आहे?"

"कोमट."

"आता?"

"कोमटच. पोराच्या कपाळागत."

"दोनावर टाकते. जरा वेळ थांबा."

थांबले. मग म्हणाले, "न्हाई, ताप आला. चढव."

तीनावर ठेवलं सगळ्यांना. परत तळवा टेकवला त्यांनी. "ऱ्हाऊ दे. बेस हाय," म्हणाले आणि झाकण लावून खाली उतरले.

आणि मग आम्ही दोघं त्या खोलीत उभे. रस्त्यावरून भांडीवाली ओरडत गेली, ते स्वच्छ ऐकू आलं. घड्याळ ऐकू आलं. त्यांचा श्वास ऐकू आला, शिडी चढून लागलेली धाप. मला पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनाही असेल. पण विचारायला पंखा उरला नव्हता. ते सोप्यात जाऊन बसले, मी चुलीपाशी गेले, आणि थोड्या वेळानं भिंतीला सांगितलं, "चहा झालाय."

इतकं एकटं मला हे गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि नंतर आवाजानं. आता काहीच नव्हतं. शनिवारी बघितलं तर त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली. मशीन गप्प झालं तरी माणूस जायला निघालंय, म्हणजे जायचंच असणार. आपल्या लेकीकडं कुणाला नको वाटतं? मी त्यांचे गरम कपडे इस्त्री करून बॅगेवर ठेवले. गोळ्या बांधल्या. रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला वन्सं आल्या. दारातच थबकल्या.

"बंद केलंस का गं मशीन?"

"चालू आहे, वन्सं."

त्यांना पटेना. शिडीच्या चार पायऱ्या चढून दिवे लुकलुकताना बघून आल्या, तेव्हा कुठं गप्प झाल्या. पण वन्सं किती वेळ गप्प राहणार! "बरं झालं बाई," म्हणाल्या, "पण आता सगळं ठरलंय. आबा, चला, ऊन व्हायच्या आत निघू."

मामंजी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. उठले नाहीत.

"हिला माझी अडचण हुतीया म्हणालीस तू," ते म्हणाले.

"होणारच की, आबा. एकटी बाई, घरात सासरा, बोलणं नाही, चालणं नाही. तिनं करायचं तरी काय?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझ्या कानांवर विश्वास बसेना. मला सांगितलं होतं आबांना त्रास होतो म्हणून. आबांना सांगितलं, मला त्यांची अडचण होते म्हणून. आणि दोघांनीही निमूट ऐकलं होतं, कारण खरं काय ते विचारायला जायचं कुणाकडं?

मामंजींनी मान वळवली. बाहेरच्या दाराकडं नाही, भिंतीकडं नाही.

"तुझं काय म्हणणं हाय?"

मी मागं वळून बघितलं, कुणाला विचारतायत म्हणून. मागं फळीवर डबे होते.

"तुलाच इचारतोय, संजीवनी."

माझं काय म्हणणं! मला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता हो. माहेरी स्थळ ठरलं तेव्हा नाही, इथं आल्यावर नाही. आमचे हे जीव लावणारे होते, पण तेसुद्धा ठरवून यायचे आणि मग सांगायचे. त्यामुळं उत्तर काय द्यायचं असतं तेच मला कळेना. वन्सं म्हणाल्या, "तिचं काय म्हणणं असणार, आबा..." आणि मामंजींनी नुसता हात वर केला. वन्सं थांबल्या.

"मला एकटीला नाही राहायचं," मी म्हणाले. "जेवताना घरात कुणीतरी असावं. पहाटे कुणीतरी खाकरावं. मामंजी, तुम्ही जाऊ नका."

"मग आठ दिस तोंडात काय धरलं व्हतं?" मामंजी कडाडले.

"तुम्ही तरी कुठं बोललात!" मीही तेवढ्याच आवाजात बोलून गेले, आणि तोंडावर हात ठेवला.

मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "शालन," ते म्हणाले, "म्या हितंच ऱ्हातो. ही रागावती तरी."

पुढं ते शेवटपर्यंत माझ्याजवळच राहिले. भाजीत मीठ जास्त झालं की थेट सांगायचे, आणि मीही सोडायची नाही. लोक काय बोलले ते बोलले. त्या सगळ्या वर्षांचं सुख सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. पण त्या रविवारची आठवण निघाली की मला ते आठवत नाही. वन्सं आठवतात.

त्या एक शब्दही न बोलता गाडीकडं निघाल्या. एवढी बोलकी बाई, आणि साधं "येते" म्हटलं नाही. मी जेवायचा डबा घेऊन मागं धावले. रागावल्या असतील, पाया पडावं, असं मनात. गाडीचं मागचं दार उघडंच होतं. आत बघितलं तर सगळी सीट अंथरलेली. नवी कोरी चादर, दोन उशा, पायाखाली घ्यायला घडी घातलेली गोधडी. पाण्याचा थर्मास. आबांना चढता यावं म्हणून दारात एक लाकडी चौरंग ठेवलेला.

"अगंबाई, वन्सं, केवढी तयारी केली होतीत."

"खोली पण रंगवून घेतली," त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या. चादरीची सुरकुती हातानं सारखी करत होत्या. "तुझ्या दाजींची खोली. ते गेल्यापासून बंदच होती. पोरं काय, परगावी, नुसती फोनवर भेटतात. या आठवड्यात मी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसत होते. उगीच आपलं. कुणीतरी येणार म्हणून."

दाजींना, म्हणजे वन्संच्या यजमानांना, जाऊन चार वर्षं झाली होती. आम्ही सगळे दिवसांना जाऊन आलो होतो. त्यानंतर पुण्याच्या त्या घरात वन्सं एकट्याच असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण इतकं मोठ्यानं बोलणाऱ्या बाईला एकटं वाटत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"वन्सं, खरं कारण आधी सांगितलं असतं तर..."

"आणि आबा काय म्हणाले असते? लेकीकडं कशाला राहायचं म्हणाले असते. म्हणून तुझं नाव सांगितलं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुला विचारलं गं आबांनी, बरं झालं. मला कोण विचारणार?"

"आजचा दिवस तरी राहा. जेवून जा."

"नको. ऊन होईल."

चौरंग त्यांनी स्वतःच उचलून मागं, सीटखाली सारला. दार लावलं. मग पुढं जाऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या, डबा मांडीवर घेऊन, आणि मागची अंथरलेली सीट तशीच रिकामी ठेवून पुण्याला गेल्या.